दोन डाव्या बाह्या

चिंताकी हे बिदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातलं गाव. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी उर्दू, असा इकडचा बोलण्याचा व्यवहार. इथल्या एका शिंप्याच्या दुकानात मला परावर्तनरेषा कळली. शाळेत ती आधीच शिकवून झाली होती, चाचणीत तिचे मार्कही पडले होते. पण पुस्तकातली रेषा पुस्तकातच राहते: मधोमध एक तुटक रेघ, दोन्हीकडे एकेक त्रिकोण आणि खाली ‘निरीक्षण करा’. निरीक्षण कशाचं करायचं, ते कुणी सांगत नाही.

दिवाळी तोंडावर आलेली. दुकानात ब्लाउजपीसांचा ढीग. शिंपीमामा मशीनवर, आणि हाताखालचं पोरगं पहिल्यांदाच कापायला बसलेलं. त्यानं कापड पसरलं, बाहीचा कागदी नमुना वर ठेवला, कडेनं खडू फिरवला, कापलं. नमुना उचलून शेजारी ठेवला. पुन्हा खडू, पुन्हा कात्री. मग दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून मामांना दाखवले. कडेवर कड बसलेली, सुताचाही फरक नाही. पोरगं खुशीत. मामांनी कपाळावर हात मारला.

“दोन्ही डाव्याच कापलास की रे! माणसाला दोन डावे हात असतेत का?”

पोराला कळेना. मलाही कळलं नव्हतं. बाही म्हणजे तर बाही. दोन सारखे तुकडे हवे होते, दोन सारखे तुकडे झाले. मामांनी एक तुकडा उचलून माझ्याच दंडाला लावून दाखवला. बाहीच्या वरची गोलाई, जी मुंढ्याला जोडायची, ती पुढच्या अंगाला जास्त खोलगट असते, मागच्या अंगाला कमी. डाव्या हाताला लावली तर खोलगट बाजू पुढं येते. तोच तुकडा उजव्या हाताला लावला की ती मागं जाते. पालटून लावावा, तर कापडाची उलट बाजू वर येते आणि वेलबुट्टी आत दडते.

म्हणजे दोन तुकडे न पालटता एकमेकांवर बरोबर बसले, हीच चूक होती. खरी जोडी असती, तर एक पालटल्याशिवाय ती एकमेकांवर बसलीच नसती. हे वाक्य मला त्या दिवशी सुचलं नव्हतं. सुचायला बरीच वर्षं लागली.

मामांचा उपाय अगदी साधा होता. त्यांनी नवं कापड घेतलं, सुलट बाजू आत येईल असं मधोमध दुमडलं, नमुना एकदाच ठेवला आणि दोन्ही थर एकदम कापले. “घडीवर कापलं की डावी-उजवी आपोआप होतेत.” ही जी घडी, तीच परावर्तनरेषा.

या घडीकडे जरा जवळून पाहू. मामांनी नमुना घडीला चिकटवून ठेवला नव्हता. घडीपासून चार बोटं अंतर सोडून ठेवला होता. समजा, दुमडलेल्या कापडातून खडूच्या रेघेवर कुठंतरी एक टाचणी आरपार टोचली आणि कापड उलगडलं. घडीच्या दोन्हीकडे एकेक भोक दिसेल. त्या दोन भोकांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो घडीला बरोबर काटकोनात छेदेल, आणि घडी त्या दोऱ्याचे दोन समान भाग करील. दुसऱ्या ठिकाणी टाचणी टोचा, तेच होईल. शंभर ठिकाणी टोचा, शंभर दोरे एकमेकांना समांतर, आणि प्रत्येकाच्या मध्यातून काटकोनात जाणारी रेषा एकच.

भूमितीच्या भाषेत: क हा बिंदू आणि त्याची प्रतिमा क′, तर परावर्तनरेषा ही रेख कक′ ची लंबदुभाजक असते. यात ‘लंब’ आणि ‘दुभाजक’ अशा दोन अटी आहेत. विद्यार्थी एक लक्षात ठेवतात आणि दुसरी विसरतात. त्या विसरण्यानं काय घोटाळे होतात ते पुढं येईलच. आणि एखादा बिंदू नेमका घडीवरच असला तर? तो कुठंच जात नाही. तोच स्वतःची प्रतिमा. सगळ्या प्रतलात जागचे न हलणारे बिंदू तेवढेच.

या एका व्याख्येतून पुढचं सगळं निघतं. अंतरं बदलत नाहीत, म्हणून कोन बदलत नाहीत, म्हणून आकृती आणि तिची प्रतिमा एकरूप असतात. बदलते ती एकच गोष्ट, फिरण्याची दिशा. त्रिकोणाच्या शिरोबिंदूंना क, ख, ग अशी नावं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं दिली असतील, तर प्रतिमेत क′, ख′, ग′ हे काट्यांच्या उलट दिशेनं येतात. त्रिकोण कागदावर कितीही सरकवा, कितीही फिरवा, ही दिशा बदलत नाही. कागदावरून उचलून पालथा घातला तरच बदलते. मामांच्या पोरानं नमुना सरकवला होता, पालथा घातला नव्हता. नुसता पालथा घालून खडू मारला असता, तरी काम झालं असतं.

आणि दोनदा परावर्तन केलं तर? त्याच रेषेत दोनदा केलं, तर आकृती परत मूळ जागी. पण दोन वेगळ्या समांतर रेषांत एकामागून एक केलं, की गंमत होते. केशकर्तनालयात पुढं आरसा, मागं आरसा, आणि भिंतीवर कॅलेंडर. पहिल्या प्रतिमेत कॅलेंडरचे आकडे उलटे दिसतात. त्या प्रतिमेची दुसऱ्या आरशातली प्रतिमा पाहा, आकडे सुलट. दोनदा उलटल्यानं उलटेपणा फिटला. राहिलं ते नुसतं सरकणं, तेही दोन आरशांमधल्या अंतराच्या दुप्पट. दाढी करून घेताना करायला याहून चांगला उद्योग नाही.

आता उलटा प्रश्न. घडी दिसत नाही, कापड उलगडून इस्त्री केलेलं आहे, त्यावर फक्त दोन आकृत्या आहेत. परावर्तनरेषा शोधायची कशी?

एक बिंदू घ्या, त्याचा जोडीदार ओळखा. दोघांना जोडा. मध्यबिंदू काढा. तसंच दुसऱ्या जोडीचं करा. दोन मध्यबिंदूंतून रेषा ओढा. परीक्षेत एवढ्यावर गुण मिळतात, आणि परीक्षेत दिलेली आकृती खरोखर परावर्तनाचीच असते, म्हणून चुकत नाही. जगात मात्र आकृती आधी कबुली देत नाही.

दिवाळीत किंवा गौरींच्या वेळी उंबऱ्यापासून देवघरापर्यंत काढलेली लक्ष्मीची पावलं पाहा. काही घरांत ती जोडीनं, शेजारी-शेजारी काढतात. काही घरांत चालत आल्यासारखी: डावं, मग थोडं पुढं उजवं, पुन्हा डावं. दुसऱ्या प्रकारात डाव्या पावलाचा अंगठा उजव्या पावलाच्या अंगठ्याला जोडा, टाच टाचेला जोडा, मध्यबिंदू काढा. सगळे मध्यबिंदू एकाच सरळ रेषेवर येतात, चालण्याच्या वाटेच्या मधोमध. म्हणजे दुभाजकाची अट पूर्ण. पण जोडणाऱ्या रेघा त्या रेषेला तिरक्या छेदतात. लंबाची अट मोडली. तेव्हा हे निव्वळ परावर्तन नव्हे. परावर्तन करून वर पुढं सरकवलेलं आहे. याला सरकतं परावर्तन म्हणता येईल. ओल्या काळ्या मातीतून अनवाणी चाललेल्या प्रत्येकाच्या मागं हीच आकृती उमटते. उड्या मारत, दोन्ही पाय जुळवून गेला, तर निव्वळ परावर्तन उमटतं. फरक नुसत्या डोळ्यांनी दिसत असतानाही सूत्राच्या नादात तो निसटतो, कारण मध्यबिंदू एका रेषेत आले की माणूस निर्धास्त होतो.

दुसरा घोटाळा पत्त्यांचा. बदामचा राजा हातात घ्या आणि कुणालाही विचारा, याची सममितीची रेषा कुठं? दहातले नऊजण पत्त्याच्या मधोमध आडवं बोट फिरवतात: वर एक राजा, खाली एक राजा. मग त्या ठिकाणी आरसा उभा करून पाहायला सांगा. आरशात दिसणारा राजा आणि पत्त्यावरचा खालचा राजा यांचे हात वेगवेगळ्या बाजूला जातात. पत्त्यात परावर्तन नाहीच. अर्धा फेरा आहे. जोडीदार बिंदू जोडले, की सगळ्या रेघा एकाच ठिकाणी, पत्त्याच्या मध्यावर, एकमेकींना छेदतात. रेषा नाही, एक बिंदू मिळतो. पत्ता कसाही उचलला तरी राजा सुलट दिसावा, एवढीच पत्ते छापणाऱ्याची गरज होती, आणि ती अर्ध्या फेऱ्यानं भागते.

तिसरा घोटाळा सगळ्यांत जुना, आयताच्या कर्णाचा. कर्ण आयताचे दोन एकरूप तुकडे करतो, म्हणून तो सममितीचा अक्ष, असं छातीठोकपणे सांगणारी मंडळी मी पाहिली आहेत. काही खडू हातात घेऊन उभी होती. वर्तमानपत्राचं एक पान घ्या आणि कर्णावर दुमडा. कोपरा कोपऱ्यावर येत नाही, बाहेर कानासारखा लोंबतो. एकरूप भाग होणं पुरेसं नाही, ते घडी घातल्यावर एकमेकांवर बसले पाहिजेत. आयताला अक्ष दोनच, उभा आणि आडवा. चौरसाला चार. शंकरपाळी नीट समभुज कापली असेल, तर तिला कर्णांचे दोन. समांतरभुज चौकोनाला, म्हणजे घाईत कापलेल्या शंकरपाळीला, एकही नाही. समभुज त्रिकोणाला तीन. आणि भाकरीला मोजताच येणार नाहीत इतके: मध्यातून कुठूनही दुमडा, कड कडेवर बसते. निदान सुगरणीच्या भाकरीची तरी.

भाकरीवरून बिदरी कामाकडे जायला हरकत नाही. बिदर शहर हेच या जिल्ह्याचं ठिकाण. बिदरी सुरईचा धातू म्हणजे मुख्यतः जस्त आणि थोडं तांबं, साधारण सोळा भागांना एक. ओतून, कानशीनं घासून गुळगुळीत केलेल्या या सुरईवर मोरचुदाचं पाणी फिरवून ती तात्पुरती काळपट करतात, म्हणजे टोकदार सळईनं ओढलेली रेघ उजळ दिसते. त्या रेघांवर छिन्नी चालवून खाचा पाडायच्या, खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा, आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर उकळून त्या पाण्याचा हात द्यायचा. जस्ताचा भाग कायमचा काळाभोर होतो, चांदी पांढरीच राहते. किल्ल्याच्या ज्या भागांत ऊन-पाऊस पोचलेला नाही, तिथली माती लागते असं कारागीर सांगतात, आणि ती जिभेवर ठेवून पारखतात.

आपल्या कामाची गोष्ट अशी. नक्षी करण्याआधी ती कोरी सुरई भाकरीसारखीच असते. उभ्या अक्षातून जाणारं कोणतंही प्रतल घ्या, सुरईचे दोन भाग एकमेकांच्या प्रतिमा. ठोस वस्तूला रेषेऐवजी आरशासारखं सपाट प्रतल लागतं, एवढाच फरक. आता कारागिरानं तिच्या पोटाभोवती समान अंतरावर आठ सारखी फुलं कोरली, आणि प्रत्येक फूल स्वतः डावं-उजवं सारखं असलं, तर प्रतलं उरतात फक्त आठ: काही फुलांच्या मधोमध जाणारी, काही दोन फुलांच्या फटीतून. फुलं सातच कोरली, तर प्रतलं सात, आणि प्रत्येक प्रतल एका अंगानं फुलातून आणि दुसऱ्या अंगानं फटीतून जातं. आणि फुलांऐवजी एकाच दिशेला वळत गेलेली वेल कोरली, तर एकही नाही. वेल आरशात पाहिली तर दुसरीकडं वळते.

नक्षी पाहून आपण ‘काय सममिती आहे!’ म्हणतो. पण नक्षीनं सममिती कमी झालेली असते. कोऱ्या सुरईत ती अमाप होती, म्हणूनच दिसत नव्हती. कारागिरानं तिच्यातली बहुतेक खोडली, आठ ठेवली, आणि ती आठ डोळ्यांत भरली.

परावर्तनरेषेचा उपयोग नुसता पाहण्यापुरता नाही, तिच्यानं गणितं सुटतात. एक जुनं गणित इकडच्या मांजरेवर मांडून पाहू. बिदर जिल्ह्यातून वाहणारी मांजरा एवढी वळणं घेते की तिला सरळ रेषा म्हणणं तिच्यावर अन्याय आहे, पण एका टप्प्यापुरती मानू. घर नदीपासून २ किलोमीटरवर. शेत त्याच काठाला, नदीपासून १ किलोमीटरवर. घरासमोरचा काठ आणि शेतासमोरचा काठ यांत ४ किलोमीटर. घरून निघायचं, बैलांना नदीवर पाणी पाजायचं आणि शेतावर पोचायचं. पाणी कुठं पाजलं तर चाल सगळ्यात कमी पडेल?

घरातून नाकासमोर नदीवर उतरलं, तर २ किलोमीटर, आणि तिथून तिरकं शेताकडे साधारण ४.१२, एकूण ६.१२. काठाच्या बरोबर मध्यावर गेलं, तर २.८३ आणि २.२४, एकूण सुमारे ५.०७. सुधारणा मोठी आहे, पण हीच सगळ्यात कमी कशावरून? असं एकेक ठिकाण तपासत बसलं तर बैल तहानेनं मरतील. त्याऐवजी नदी ही परावर्तनरेषा धरा आणि शेताची प्रतिमा पलीकडच्या काठाला, नदीपासून १ किलोमीटरवर काढा. आता नदीवरच्या कोणत्याही ठिकाणापासून खरं शेत जेवढं लांब, तेवढीच त्याची प्रतिमा लांब. लंबदुभाजकावरचा बिंदू दोन्ही टोकांपासून सारखा दूर असतो, त्याचाच हा फायदा. म्हणून ‘घर–नदी–शेत’ ही मोडकी वाट ‘घर–नदी–प्रतिमा’ या वाटेएवढीच. आणि घरापासून प्रतिमेपर्यंतची सगळ्यात जवळची वाट कोणती? सरळ. एक बाजू ४, दुसरी २ आणि १ मिळून ३, कर्ण ५. पाच किलोमीटर, याहून कमी होणं शक्य नाही. ही सरळ रेघ नदीला जिथं छेदते, घरासमोरच्या काठापासून सुमारे २.६७ किलोमीटरवर, तिथं पाणी पाजायचं.

अलेक्झांड्रियाच्या हेरॉननं इसवी सनाच्या पहिल्या शतकात आरशांसंबंधी लिहिताना हाच विचार वापरला आहे. आरशावर आदळून डोळ्याकडे येणारा किरण नेमका याच वाटेनं येतो. येतानाचा कोन आणि जातानाचा कोन सारखे होतात. कॅरम खेळणारी पोरं कडेवर मारताना हेच करतात. सोंगटीची प्रतिमा कडेपलीकडे कल्पून तिच्याकडं नेम धरतात, आणि हेरॉनचं नावही त्यांनी ऐकलेलं नसतं.

आलेखाच्या कागदावर हे सगळं फारच सोपं होतं, म्हणून तिकडं थोडक्यात. उभ्या अक्षात परावर्तन केलं, तर बिंदूच्या पहिल्या निर्देशकाचं चिन्ह बदलतं: (३, २) चा (−३, २) होतो. आडव्या अक्षात दुसऱ्याचं बदलतं: (३, −२). आरंभबिंदूतून ४५ अंशात चढणाऱ्या रेषेत केलं, तर निर्देशक जागा बदलतात: (२, ३). रेषा यांहून आडवळणी असली, तर सूत्र पाठ करण्यापेक्षा लंब टाकून तेवढंच पुढं मोजणं बरं. माझा तरी अनुभव असा, की पाठ केलेल्या सूत्रात चिन्ह चुकतं आणि लंब टाकताना चुकत नाही.

इथं एक आडवी गोष्ट सांगून टाकतो, कारण या भागात ‘रेषा’ म्हटलं की माणसांना आधी दुसरीच रेषा आठवते. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य संपलं, तेव्हा जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात. झहीराबाद, नारायणखेड आंध्रात. औराद, भालकी, बिदर म्हैसुरात. चिंताकीच्या लेकी उदगीर-देगलूरकडं दिलेल्या आणि तिकडच्या इकडं आलेल्या. ती रेषा कशाचीच लंबदुभाजक नव्हती. तिच्या दोन्हीकडं एकाच गोष्टीच्या प्रतिमा दिसत असत, हे मात्र खरं.

आता बिदरमधल्या एका इमारतीसमोर उभं राहू. जुन्या शहरात महमूद गवानचा मदरसा आहे. गवान इराणच्या गिलान प्रांतातून आलेला, बहमनी दरबारात वजीर झालेला. त्यानं ही विद्यापीठासारखी तीन मजली इमारत १४७२ साली उभारली. १४८१ मध्ये खोट्या पत्राचं किटाळ रचून त्याचा शिरच्छेद करवण्यात आला. इमारत सुमारे २०५ फूट लांब आणि १८० फूट रुंद, मधे चौक, चारी बाजूंना उंच कमानी. दर्शनी बाजू पूर्वेला. दोन्ही टोकांना एकेक मिनार आणि सगळ्या दर्शनी भिंतीवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या, पांढऱ्या चकचकीत फरश्यांची नक्षी.

होती, असं म्हणायला हवं. सतराव्या शतकाच्या अखेरीस, औरंगजेबाच्या काळात, आत साठवलेल्या तोफेच्या दारूचा स्फोट झाला आणि दर्शनी भागाचा मोठा तुकडा दक्षिणेकडच्या मिनारासकट उडून गेला. आज समोर उभं राहिलं तर उजव्या हाताला, उत्तर टोकाला, मिनार दिसतो. डाव्या हाताला आकाश. उरलेल्या मिनारावर नागमोडी पट्ट्यांच्या फरश्या अजून आहेत, कुठं सलग, कुठं निखळलेल्या.

तरीही गेलेला मिनार कुठं होता हे सांगायला फारसा अभ्यास लागत नाही. कोणीही बोट दाखवून सांगतो. तो काय करतो? दर्शनी बाजूच्या मध्यातून, म्हणजे जिथं प्रवेशद्वार होतं तिथून, पूर्व-पश्चिम एक रेषा मनात ओढतो, आणि उत्तरेकडच्या प्रत्येक बिंदूला दक्षिणेत जोडीदार शोधून देतो. मिनार रेषेपासून जेवढा लांब, तेवढाच लांब पलीकडे. तेवढाच उंच. पट्टे तेवढेच. नागमोडी पट्टा आरशात पाहिला तरी नागमोडीच, म्हणून तिथंही अडचण नाही. चारशे पावलं फिरून मोजमाप घ्यायचं, ते डोळा क्षणात करतो.

पण हा भरवसा कुठवर ठेवायचा, यालाही हद्द आहे. आरसा भिंतीची जागा सांगतो, कमानीची रुंदी सांगतो. कोणत्या खोलीत पुस्तकं होती आणि कोणत्या खोलीत मुलं राहत, हे त्याला सांगता येत नाही. दोन्ही अंगांच्या खोल्या सारख्या मापाच्या असल्या, तरी त्यांत चालणारं काम सारखं असेल असं नाही. आणि दर्शनी भिंतीच्या वरच्या अंगानं फरश्यांवर कोरलेला कुराणातल्या आयतांचा पट्टा आहे, तिथं तर आरसा सपशेल हरतो. ही लिपी उजवीकडून डावीकडे जाते. कारागिरानं मिनारासमोर मिनार, कमानीसमोर कमान बसवली, पण मजकूर मात्र सलग एका दिशेनं नेला असणार. मध्यावर येऊन तो पुन्हा उलटा फिरवणं कुणालाच परवडलं नसतं. लिपीलाही डावं-उजवं असतं, बाहीसारखंच. रुग्णवाहिकेच्या तोंडावर अक्षरं मुद्दाम उलटी रंगवतात, ती पुढच्या गाडीच्या आरशात सुलट दिसावीत म्हणून. मदरशासमोर आरसा धरून वाचणारं कुणी नव्हतं. देवनागरीत तर मधोमध उभा आरसा धरला तरी जसंच्या तसं राहणारं अक्षर मला एकच सापडलं, ‘ठ’. तेही शिरोरेघ दोन्हीकडं सारखी ओढली असेल तर.

बिदरला जाणं होणार नसेल, तर मदरशाचं अगदी समोरून काढलेलं छायाचित्र मिळवा. तिरकं काढलेलं चालणार नाही, कारण त्यात जवळचं अर्ध मोठं आणि लांबचं लहान येतं, आणि मग कोणतीच रेषा खरी उरत नाही. छायाचित्र टेबलावर ठेवून प्रवेशद्वाराच्या जागी, मध्यरेषेवर, हातातला छोटा चौकोनी आरसा उभा धरा. चकचकीत बाजू उत्तरेकडं, म्हणजे उजवीकडं. डावीकडं दुसरा मिनार उभा राहील. आरसा दोन-तीन मिलीमीटर उजवीकडं सरकवा, इमारत अरुंद होईल आणि मिनार दुप्पट अंतर आत येईल. मूळ जागी आणून पाच अंशांनी फिरवा, मिनार दहा अंशांनी कलेल. बरोबर मध्यावर, बरोबर उभा धरला की दोन्ही मिनार सरळ आणि सारखे. मग वरच्या पट्ट्याकडं पाहा. उजवीकडची अक्षरं वाचता येतात. डावीकडची सगळी डावरी.